मामा नांगरटीवर पाय का ठेवत नाहीत?

मनाचं दुखणं : वाचकांचे प्रश्न

(दोन्ही पत्रं लिहिणाऱ्यांना विचारून छापतेय. गाव, नाती आणि काही तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदललेत. पहिलं पत्र लांब आहे, पण त्यातलं काही कापायला माझा हात धजला नाही.)

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवर. बटाटा, रताळी आणि थोडा ऊस. माझ्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, वय ७१. मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार होऊन पेन्शन घेऊन आले, मग साठीपर्यंत बँकेत बंदूकवाले गार्ड होते, त्यानंतर शेती. आत्या (माझ्या सासूबाई) जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून मामा बसलेत ते बसलेतच. जेवण निम्म्यावर आलंय, शर्ट अंगात लोंबतोय. कट्ट्यावर जात नाहीत. टीव्हीसमोर बसतात, खरं बघत नाहीत. नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्याला नेलं तर मशीनवर बोट ठेवताना म्हणाले, “आणि एक वरीस जिवंत म्हणून लिहा.” सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आणि एक सांगते, विचित्र वाटेल. नुकत्या नांगरलेल्या रानात मामा पाय ठेवत नाहीत. बांधावरनं फिरून जातात. उतरायचंच झालं तर बैलाच्या नाहीतर माझ्या नवऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवून. आम्ही आपले गुडघे दुखतात म्हणून समजत होतो. जानेवारीत शेजाऱ्यांनी उसाचा पाला पेटवला. तडतड आवाज झाला तसे मामा पाटात आडवे झाले, मग दोन दिवस बोलले नाहीत. १९८७ला ते श्रीलंकेला होते, जाफन्याकडं, एवढंच आम्हाला ठाऊक. रात्री ओरडतात, ते हिंदीत.

गावच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिली झोपेला, ती सहा महिने चालू आहे. बेळगावात दाखवलं तर डिप्रेशन म्हणाले, सर्ट्रालिन दिली. तीन आठवडे घेतली, फरक शून्य आणि मळमळ, म्हणून आम्हीच बंद केली. बीपीच्या गोळीत पाण्याची गोळी पण आहे म्हणे. रात्री कॅन्टीनची रम, दोन पेग. एका ठिकाणी समुपदेशनाला पाठवलं, तिथली मुलगी चांगली होती, खरं कन्नडमधनं बोलली. मामांचं कन्नड बाजारापुरतं. परत गेले नाहीत.

नवरा म्हणतो, वय झालं, आत्या गेल्या, असं व्हायचंच. ह्या वयात गोळ्या लागू होत नाहीत काय? की हे डिप्रेशन नव्हेच? आणि मनाच्या डॉक्टरचा कागद झाला तर पेन्शनला धक्का लागेल अशी मामांना भीती आहे, ती खरी काय?

उत्तर : ताई, पेन्शनचं आधी, कारण ते लगेच संपतं. निवृत्त माणसानं मनाच्या आजारावर उपचार घेतले म्हणून त्याची सेवेची पेन्शन बंद होत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठीही पुढं पाठवतात. हे मामांना तुम्ही सांगू नका, त्यांच्या एखाद्या पेन्शनर दोस्ताकडून सांगवा. सुनेपेक्षा फौजीचं फौजीला पटतं.

दुसरं काम आजच्या आज करायचं. पूर्वी बँकांचे बरेच गार्ड स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर नोकरी करायचे. मामांची बंदूक अजून घरात असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं रीतसर जमा करा. चोरून नको. “तब्येत सुधारली की परत आणू” असं त्यांना सांगून करा. बटाट्यावर फवारायचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडं. हयातीच्या दाखल्याचं ते वाक्य ऐकून तुम्हाला हसू आलं नाही, ते बरोबरच होतं. मामांना सरळ विचारा, “जगू नये असं वाटतं काय? जीव द्यायचा विचार येतो काय?” विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेक म्हाताऱ्यांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर होय आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे. मराठीतून बोलायचंय म्हणून सांगा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. त्याआधी माझी एक चूक सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूरकडचे एक गृहस्थ माझ्याकडं यायचे. एकाहत्तरच्या लढाईतले. उदास, झोप नाही, पोट साफ नाही. चार महिने मी गोळ्या बदलत होते. भूक विचारली, शौच विचारलं, “फौजेत होता?” विचारलं. ते “होतो” म्हणाले आणि मी पुढच्या प्रश्नावर गेले. पाचव्या खेपेला त्यांची बायको बरोबर आली. दारातच थांबून म्हणाली, “मॅडम, त्यांना तिथं बसवू नका. पाठीमागं दार असलं की त्यांचं काय पण लक्ष लागत नाही.” माझ्या खोलीत रुग्णाची खुर्ची दाराकडं पाठ करून असायची. माझ्या लक्षातही कधी आलं नव्हतं. खुर्ची ओढून भिंतीला टेकवली. त्या दिवशी ते पाऊण तास बोलले. चार महिने मी त्या माणसाच्या फक्त उदासपणावर औषध देत होते, आणि उदासपणाखाली काय आहे ते त्याच्या बायकोला माहीत होतं.

म्हणून तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ त्या नांगरटीवर थांबले. नांगरलेली माती म्हणजे नुकतीच उकरलेली माती. श्रीलंकेत आपली शांतिसेना १९८७ ते १९९० होती, अकराशेहून जास्त जवान गेले, आणि वाटांमध्ये पुरलेल्या सुरुंगांनी किती जणांचे पाय नेले. उकरलेली माती दिसली की थांबायचं, पुढच्याच्या पावलावरच पाऊल टाकायचं, हे ज्यांना जमलं ते परत आले. मामा परत आले. त्यांच्या पायांना ती शिकवण अजून सुटलेली नाही. तडतड आवाजाला पाटात आडवं होणं, रात्रीचं ओरडणं, त्या दिवसांबद्दल घरात अक्षर न काढणं, हे सगळं एका आजाराच्या चित्रात बसतं : पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार. नाव तसं नवं आहे, वैद्यकाच्या यादीत १९८०ला आलं. आजार जुनाच. बेळगावात १९२२पासून मराठ्यांचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्याच्याही आधी आपली माणसं पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढून आली. त्यांच्यापैकी किती जणांना ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून गंडेदोरे बांधले गेले असतील, कोण जाणे.

मग हे डिप्रेशन नाही का? आहे. दोन्ही आहे, आणि ही जोडी नेहमीची आहे. पीटीएसडी असलेल्या साधारण निम्म्या लोकांना जोडीला डिप्रेशन असतं.

तुमचे यजमान विचारतील, ३८ वर्षं काही नव्हतं, आताच कसं? होतंच. बँकेच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची, हेच तर ह्या आजाराचं माणूस दिवसभर करत असतं. मामांना त्याचा पगार मिळत होता. पुढं शेतात अंग दमायचं. आणि रात्री आत्या होत्या. मामा ओरडून उठले की आत्या काय करायच्या? दिवा लावायच्या? पाणी द्यायच्या? चुलीपाशी बसवायच्या? तुमच्या नणंदेला, आत्यांच्या बहिणीला विचारून बघा, कुणाला तरी ठाऊक असेल. इतकी वर्षं ह्या घरात एक बाई बिनबोभाट शुश्रूषा करत होती आणि ती चौदा महिन्यांपूर्वी गेली. मामांना बायको गेल्याचं दुःख आहेच, शिवाय रात्रीची राखणही गेली. उतारवयात काम सुटलं, जोडीदार गेला, शरीर थकलं की दाबलेलं वर येतं, हे आम्ही पुन्हापुन्हा पाहतो.

आता गोळ्या. वय झालं म्हणून लागू होत नाहीत, हे खोटं. सर्ट्रालिन ही निवड मला योग्यच वाटते, कारण ती डिप्रेशनवरही चालते आणि पीटीएसडीवरही. गडबड झाली ती घाईची. म्हाताऱ्या शरीरात गोळी कमी मात्रेनं, बहुधा २५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, हळूहळू वाढवतात. मळमळ पहिले आठ-पंधरा दिवस असते, जेवल्यावर घेतली की कमी होते. साध्या डिप्रेशनलाही चार ते सहा आठवडे लागतात, म्हाताऱ्यांना कधी आठ ते बारा. खाली जुना आघात असला की आणखी उशीर.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. अमेरिकेत साठीपुढच्या १८०१ उदास रुग्णांवर इम्पॅक्ट नावाचा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. मोठमोठी इस्पितळं नव्हती, १८ साधे फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने होते. काहींना नेहमीसारखे उपचार, आणि काहींच्या मागं एक माणूस लावून दिला. तो फोन करायचा, गोळी घेतली का विचारायचा, उतार नसेल तर डॉक्टरांना सांगून औषध बदलवायचा. दुसऱ्या गटाला चांगला फायदा झाला. पुढं त्यातल्या पीटीएसडीवाल्यांचं वेगळं पाहिलं, तेव्हा दिसलं की त्यांना उतार उशिरा पडला, पण वर्ष संपेपर्यंत ते बाकीच्यांच्या बरोबरीला आले. तुम्ही तीन आठवड्यांवर थांबलात. तुमचा दोष नाही, वेळ लागेल हे कुणीतरी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ‘मागं लागणारा माणूस’ आपल्याकडं नेमून देत नाहीत. तुमच्या घरात ते काम तुम्हीच करताय असं पत्रावरून दिसतंय, तर वही घाला : तारीख, गोळी, किती जेवले, किती झोपले. पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.

एक सावधगिरी मात्र पक्की लक्षात ठेवा. बीपीच्या गोळीतली ती ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारी) आणि सर्ट्रालिन एकत्र आल्या की म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. मग माणूस गुंगतो, तोल जातो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात डोकं फिरलं. गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर दोन-तीन आठवड्यांनी सोडियम तपासून घ्या. त्याच रक्तात थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखरही बघा, उदासपणा आणि विसराळूपणा तिथूनही येतो. अॅस्पिरिन किंवा गुडघ्यासाठी दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अल्प्राझोलाम मला आवडलेली नाही. आघाताच्या आजाराला ती बरं करत नाही, सवय लावते, आणि सत्तरीच्या माणसाला रात्री मोरीकडं जाताना पाडते. वरून रम. ही दोन्ही एकमेकांचा जोर वाढवतात, श्वास मंदावू शकतो. पण सहा महिन्यांची गोळी एकदम तोडायची नाही, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवायची. रमचंही तसंच, दोनच पेग खरेच दोन आहेत का ते आधी नीट बघा. फौजेचा पेग आणि घरचा पेग यात फरक असतो!

रात्रीच्या ओरडण्याबद्दल दोन गोष्टी. एक, नुसतं ओरडतात की हातपायही झाडतात? स्वप्नाबरहुकूम लाथा-बुक्क्या मारणं हा उतारवयातला झोपेचा वेगळा आजार असू शकतो. तो कधी पुढं कंपवाताकडं जातो, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी वाढतो. डॉक्टरांना हे सांगाच. दोन, उठवताना अंगाला हात लावू नका. दिवा लावा, पायाशी उभं राहून “मामा, तुम्ही घरात आहात” म्हणून नाव-गाव सांगत हाक मारा. दुःस्वप्नावर प्राझोसिन नावाची गोळी कुणी सुचवेल. ती काहींना उपयोगी पडते, पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या २०१८च्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, आणि ती बीपी उतरवते. दुकानातून स्वतः आणू नका.

गोळ्या अर्धं काम करतात. बाकीचं अर्धं बोलण्यानं होतं, आणि तिथं तुमच्याकडं भाषा आडवी आली. भाषेच्या प्रश्नावर मी ह्या सदरात मत देत नाही, त्याला बाकीची पानं आहेत. पण माझा अनुभव असा की फौजी माणूस त्या दिवसांबद्दल बोलायला लागला की हिंदीत जातो. हुकूम हिंदीत होता, वायरलेस हिंदीत होता, शेजारी मरणारा दोस्त हिंदीत बोलत होता. मामा ओरडतात हिंदीत, तर ते सांगतीलही हिंदीतच. बेळगावात मराठी किंवा हिंदीतून बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ मिळतो, फोन करतानाच विचारून घ्या. लाजू नका. आणि मामांना कमी ऐकू येतं का तेही बघा. गोळीबारानं कान गेलेले बरेच जण ‘हो हो’ म्हणत समुपदेशनातून उठून येतात.

आघातावरची बोलण्याची पद्धत म्हणजे नुसतं मन मोकळं करणं नव्हे. आठ ते पंधरा बैठका असतात. ज्या आठवणीपासून माणूस पळतो ती सुरक्षित जागी बसून पुन्हापुन्हा सांगायची, आणि टाळत आलेल्या जागी पायरी-पायरीनं जायचं. सत्तरीतही हे जमतं. स्मरणशक्ती शाबूत आहे ना आणि हृदय ठीक आहे ना, एवढं आधी पाहतात. मामांच्या बाबतीत एक पायरी मला आत्ताच दिसतेय, ती म्हणजे तुमचं रान. पण ती वेळ तज्ज्ञ ठरवेल. तुम्ही हौसेनं त्यांचा हात धरून नांगरटीत नेऊ नका, आणि “तिकडं काय झालं होतं?” म्हणून घरात उलटतपासणीही घेऊ नका. त्यांनी तुम्हाला कधीच काही सांगितलं नाही तरी चालेल.

घरानं करायचं ते वेगळं. पाला पेटवणाऱ्या शेजाऱ्याला म्हणा, आदल्या दिवशी सांगत जा. त्या दिवशी मामांना बहिणीकडं नेता येईल. सकाळी एक काम त्यांच्या नावावर असू द्या, म्हशीला चारा नाहीतर नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं. मन लागलं म्हणून काम करायचं नसतं, उदास माणसाचं मन काम केल्यावर थोडंसं लागतं. आणि जेवताना त्यांना दार दिसेल अशा जागी बसवा. ती खुर्ची माझ्याकडून तुम्हाला.

प्रश्न : निपाणी तालुक्यातनं लिहितोय. वेदगंगेच्या काठाला घर. २०१९च्या ऑगस्टात पाणी शिरलं, आई (आता ६६) शेजाऱ्यांच्या स्लॅबवर दोन रात्री होती. गोठ्यातल्या दोन म्हशी दाव्याला बांधलेल्याच राहिल्या. आई अजून म्हणते, “गाठ सुटली नाही माझ्याच्यानं.” २०२१ला परत पाणी आलं. बेळगावच्या डॉक्टरांनी डिप्रेशन आणि पीटीएसडी दोन्ही सांगितलं. एस्सिटालोप्राम आठ महिने चालू आहे, गेले चार महिने आई छान आहे. आता गोळी बंद करू काय?

उत्तर : दादा, बरं वाटायला लागून चारच महिने झालेत, आणि तोंडावर पावसाळा आहे. बरं वाटल्यापासून किमान सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात, पूर्वीही एखादी खेप येऊन गेली असेल तर त्याहून जास्त. तुमच्या आईंची गोळी मी तरी दिवाळी झाल्याशिवाय कमी करायचं काढणार नाही, आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. जूनच्या पहिल्या सरीला काठावरची कितीतरी माणसं पुन्हा रात्र-रात्र जागायला लागतात. ‘म्हातारीचा स्वभाव’ म्हणून ते सोडून देऊ नका. मे अखेरीस एकदा दाखवून घ्या, तेव्हाच सोडियमही बघा.

बाकी तयारी कराच, आणि आईंना बाजूला बसवून करू नका, त्यांना घेऊन करा. कागदपत्रं, गोळ्यांची महिन्याची पुडी, चार्जर एका पिशवीत. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं की निपाणीचा रस्ता तुटतो हे दोन्ही वेळा बघितलंत, तेव्हा निघायचं कधी ते आधीच ठरवा, पाणी कुठल्या खुणेला टेकलं की. जनावरं कुणाच्या माळावर न्यायची तेही त्या मालकाशी आत्ताच बोलून ठेवा.

आणि नव्या म्हशीचं दावं आईंना बांधू द्या. एका ओढीत सुटेल अशी गाठ त्यांना नक्की येत असेल. येत नसेल तर गावातला कुणीही गवळी शिकवेल. रोज संध्याकाळी बांधायची, एकदा ओढून सोडून बघायची, परत बांधायची.